घरट्याखालचे शहर

शिकारी पक्षी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा येतो, ओसाड माळ येतो, फार तर धरणाकाठचे वाळके झाड येते. सोसायटीच्या पार्किंगवर वाकलेला पर्जन्यवृक्ष येत नाही. पण जगातल्या शिकारी पक्ष्यांच्या सर्वांत दाट वस्त्यांपैकी एक वस्ती चक्क दिल्ली शहरात आहे. व्ही. एम. गालुशिन या सोव्हिएत पक्षिशास्त्रज्ञांनी दिल्लीतल्या शिकारी पक्ष्यांची मोजणी करून ती १९७१ मध्ये ‘आयबिस’ या नियतकालिकात मांडली. घारींच्या जोड्या दर चौरस किलोमीटरला सुमारे १६ भरल्या होत्या. निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलीकडे दिल्लीत पुन्हा मोजणी केली, तेव्हाही सरासरी १५ घरट्यांच्या आसपासच आली. मधल्या काळात शहर कित्येक पटींनी वाढले, झाडे गेली, पूल आले, मेट्रो आली. घार आहे तिथेच आहे. मुंबईत मासळीबाजारावर आणि कचराभूमीवर तिचीच गिरकी असते. पुण्या-नाशिकच्या जुन्या वसाहतींतल्या आंब्यावर नाहीतर कडुनिंबावर कबुतराएवढा पण शिडशिडीत शिक्रा दरवर्षी काड्यांचा विस्कळीत ढीग रचतो आणि खालून जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. एवढे पाहून ‘हे पक्षी शहराला सरावले’ असा निष्कर्ष काढून आपण मोकळे होतो. निष्कर्ष अर्धाच खरा आहे. ज्या गोष्टींमुळे हे पक्षी आपल्या खिडकीपर्यंत येतात, त्याच गोष्टी त्यांच्या जिवावरही उठतात. अंडी-पिल्ले घरट्यात असतात त्या दोन-तीन महिन्यांत हे सर्वांत ठळक दिसते. घरट्याजवळ राहणाऱ्या माणसाने काय करावे, याचे उत्तर या दुहेरी नात्यातच शोधावे लागते.

पक्षी इथे कशासाठी येतो, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. घारीला झाड लागते, पण ती झाडासाठी येत नाही. निशांत कुमार यांच्या गटाने दिल्लीतल्या घरट्यांच्या जागा तपासल्या. घरट्यांची दाटी हिरवळीपेक्षा माणसाच्या सवयींशी अधिक बांधलेली निघाली. जिथे उघडा कचरा आहे आणि जिथे घारींना मांस घालण्याची प्रथा आहे, तिथे घरटी जास्त. जुन्या दिल्लीत संकट टळावे, केलेल्या चुकांचे ओझे हलके व्हावे म्हणून मांसाचे लहान तुकडे हवेत भिरकावून घारींना खिलवण्याची जुनी रीत आहे, आणि अशा वस्त्यांच्या जवळ घरट्यांची संख्या सर्वाधिक आढळली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचे शीर्षकच या पक्ष्याची संख्या माणसाच्या सांस्कृतिक रिवाजांशी जखडलेली आहे असे सांगते. हीच गोष्ट आपल्या कायद्याने फार पूर्वीच ओळखली आहे, फक्त उलट्या बाजूने. विमान नियम, १९३७ मधील एका नियमानुसार विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर कत्तल करणे किंवा कचरा टाकणे मना आहे. घारी हटवायच्या तर त्यांच्या मागे फटाके घेऊन धावण्यापेक्षा खालचे ताट उचलावे, हे विमानवाहतुकीच्या लोकांना पक्षिप्रेमींच्या आधी कळले. शिक्र्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. तो कचऱ्यावर येत नाही. पण सरडे, उंदीर, चिमण्या, साळुंक्या, खारीची पिल्ले हे त्याचे सगळे भक्ष्य आपल्याच उष्ट्याखरकट्यावर आणि कुंडीतल्या किड्यांवर पोसलेले असते. म्हणजे अन्नसाखळीत एक पायरी वर जाऊन तोही आपलाच आश्रित.

आश्रिताची अडचण ही की यजमानाच्या घरात काय शिजते आहे यावर त्याचा काही ताबा नसतो. गालुशिन यांच्या मोजणीत घारींच्या जोडीला दिल्लीत घरटी करणारी गिधाडेही होती. घार आणि गिधाड दोघेही माणसाने टाकलेल्यावर जगत होते. मग गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध आले. ते दिल्यावर लवकरच मेलेल्या जनावराचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, आणि भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे दीड दशकात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कारण २००४ मध्ये सिद्ध झाले, जनावरांसाठीच्या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. तोवर शहरांतली गिधाडे संपली होती. कोणी त्यांच्यावर बंदूक धरली नव्हती. इंग्लंडमध्ये मध्ययुगात आणि त्यानंतरही लंडनच्या रस्त्यांवर तांबड्या घारी कचरा वेचत फिरत. पुढे स्वच्छता वाढली, कोंबड्या चोरणारा पक्षी म्हणून घार मारली जाऊ लागली, आणि अठराव्या शतकाअखेर ती लंडनमधून नाहीशी झाली. एकोणिसाव्या शतकात ती इंग्लंडमधूनच गेली. १९८९ पासून परदेशातून पिल्ले आणून ती पुन्हा वसवावी लागली. ‘आज एवढ्या घिरट्या घालत आहेत, त्यांना काय धाड भरली आहे?’ असे विचारणाऱ्याने ही दोन उदाहरणे समोर ठेवावीत. विपुल असणे आणि सुरक्षित असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, विशेषतः ती विपुलता दुसऱ्याच्या सवयीवर उभी असेल तेव्हा.

आता घरट्याचे वेळापत्रक पाहू, कारण खरा पेच तिथे आहे. आपल्याकडे बहुतेक घारी थंडीच्या दिवसांत जुन्या घरट्याची डागडुजी करतात किंवा नवे बांधतात. काड्यांबरोबर चिंध्या, कागद, प्लॅस्टिक, दोरे असे काय वाट्टेल ते त्यात येते. साधारणतः दोन-तीन अंडी, महिनाभर उबवणे, मग पिल्लू उडेपर्यंत सहा-सात आठवडे, आणि उडाल्यावरही काही आठवडे आईबापांच्या तुकड्यावर. म्हणजे एका जोडीचा पसारा थंडीत सुरू होऊन उन्हाळ्यात आवरतो. शिक्रा उशिरा, मार्च ते जूनच्या दरम्यान अंडी घालतो; त्याचे सगळे चक्र आटोपशीर असते. माणसाचे पंचांग यावर ठेवून पाहिले की दोन तारखा नेमक्या आडव्या येतात. पहिली मकरसंक्रांत. दुसरी पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी. संक्रांतीला काही घारींची बांधणी चालू असते तर काहींची अंडी उबत असतात. छाटणीच्या वेळी उशिराच्या घारींची पिल्ले आणि शिक्र्यांची अंडी किंवा पिल्ले घरट्यात असतात. या दोन्ही गोष्टींत पक्ष्याचे वाईट व्हावे अशी कुणाची इच्छा नसते. संक्रांत आनंदाची असते आणि छाटणी तर जीव वाचवण्यासाठी केलेली असते. निरुपद्रवी हेतूंतून एवढे नुकसान होते म्हणूनच त्याकडे लक्ष जात नाही.

मांजाचा धोका पारव्यालाही आहे आणि दुचाकीस्वारालाही. पण घारीला तो वेगळ्या प्रकारे भोवतो. घार पंख फडफडवून उंची गाठत नाही. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतावर पंख पसरून ती गोल गोल फिरत राहते, आणि तिच्या या गिरकीची उंची व पतंगाची उंची अनेकदा एकच असते. पसरलेल्या पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा एक ताणलेला पडदा असतो. त्याच्या कडेने जाणारा स्नायुबंध पंखाचा आकार सांभाळतो. काच लावलेला किंवा नायलॉनचा दोरा नेमका तिथे बसतो. जखम दिसायला बोटभर असते, पण स्नायुबंध तुटला की पंख पुन्हा पुरता उघडत नाही, आणि गिरकी घेऊ न शकणारी घार जगू शकत नाही. दिल्लीच्या वजिराबादेत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी अशाच जखमी घारींसाठी घराच्या तळघरात दवाखाना उभा केला. त्यांच्यावरचा शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा २०२२ चा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. त्यांच्या कामाची सुरुवात कशी झाली ते ध्यानात घेण्याजोगे आहे. जखमी घार घेऊन ते पक्ष्यांच्या धर्मादाय रुग्णालयात गेले, तेव्हा मांसाहारी पक्षी म्हणून तिला तिथे जागा मिळाली नाही. भूतदयेलाही आहाराची अट असू शकते, ही आपल्याकडची खास गंमत. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी नायलॉन आणि तत्सम कृत्रिम धाग्याच्या मांजावर देशभर बंदी घातली. बंदी कागदावर उत्तम आहे. दर जानेवारीत पोलिसांच्या छाप्यांत सापडणाऱ्या चकऱ्या पाहिल्या की ती कागदाबाहेर किती आली ते समजते. शिवाय नायलॉन कुजत नाही. या संक्रांतीला फांदीत अडकलेला दोरा पुढच्या थंडीतही तिथेच लोंबत असतो, घारीच्या घरट्यात काड्यांबरोबर जातो आणि पिल्लाच्या पायाला गुंडाळतो. सणाचा एक दिवस म्हणून सोडून द्यावे, असा हा प्रश्न म्हणूनच नाही. आणि नराला जानेवारीत मांजाने कापले तर नुकसान एका पक्ष्याचे होत नाही. उबवण्याचे काम मुख्यतः मादीचे आणि तिला खाऊ घालण्याचे नराचे, त्यामुळे तो परतला नाही की मादीला अंडी सोडून उठावे लागते. थंड पडलेल्या अंड्यांची नोंद कुठल्याच दवाखान्यात होत नाही.

छाटणीचे दुखणे वेगळे आहे, ते कायद्याच्या वाचनाशी जोडलेले आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी झाडे संरक्षण कायद्याखाली परवानगी घेतली की सोसायटीला वाटते काम झाले. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या संज्ञेची व्याख्या वाचली तर तीत वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणे, घरटे हलवणे किंवा उद्ध्वस्त करणे हेही येते. झाडाच्या परवान्यात घरट्याची परवानगी मिळालेली नसते. परवाना देणारा आणि फांदीवर चढणारा, दोघेही वर बघत नाहीत. उन्हाळ्यात कंत्राटदाराला शेकडो झाडे उरकायची असतात. फांदी पडण्याचा धोका खराच असतो, तो कोणी नाकारू नये. पण धोकादायक फांदी एप्रिलमध्ये अचानक उगवत नाही. जी फांदी मेमध्ये धोकादायक आहे ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही धोकादायक होती, आणि त्या दिवसांत झाडावर अंडी असण्याची शक्यता कितीतरी कमी असते. छाटणी पावसाळ्यानंतर, थंडीच्या तोंडाशी हलवणे हा या सगळ्या प्रश्नातला बहुधा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याला पैसा लागत नाही, फक्त आधी विचार करावा लागतो. कदाचित म्हणूनच तो होत नाही.

तिसरा धोका मात्र दिसतच नाही, आणि तो समजावून घ्यायला थोडे न्यूयॉर्कला जावे लागेल. तिथे फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या ९२७ क्रमांकाच्या श्रीमंत इमारतीच्या दर्शनी भागावर १९९३ मध्ये लाल शेपटीच्या बाजाच्या एका जोडीने घरटे केले. नराचा रंग फिकट म्हणून पक्षीनिरीक्षकांनी त्याचे नाव ‘पेल मेल’ ठेवले. सेंट्रल पार्कमध्ये दुर्बिणी लावून बसणाऱ्यांची त्याने एक जमातच तयार केली. डिसेंबर २००४ मध्ये इमारतीच्या मंडळाने घरटे काढून टाकले. मेलेल्या उंदरांचे आणि कबुतरांचे अवशेष फुटपाथवर पडतात, ही तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. रस्त्यावर निदर्शने झाली, जगभर बातमी गेली, आणि महिना उलटायच्या आत मंडळाला घरट्यासाठी आधार बसवून द्यावा लागला. पक्षी परतले, पण पुढची काही वर्षे त्या घरट्यातून एकही पिल्लू उडाले नाही. २०१२ मध्ये पेल मेलची त्या वेळची जोडीदारीण मेलेली सापडली, आणि तपासणीत तिच्या शरीरात उंदीर मारण्याची विषे निघाली. घरटे काढले तेव्हा शहर रस्त्यावर उतरले होते. विषाच्या डब्यांसाठी तसे कोणी उतरले नाही. मॅसॅच्युसेट्समधील टफ्ट्स विद्यापीठाच्या वन्यजीव दवाखान्यात मॉरीन मरे यांनी केलेल्या तपासण्या याहून व्यापक आहेत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १६१ शिकारी पक्ष्यांपैकी ८६ टक्क्यांच्या यकृतात या विषांचे अंश होते, आणि २०२० च्या पाहणीत लाल शेपटीच्या ४३ बाजांपैकी सगळ्यांच्या. अंश सापडला म्हणजे पक्षी त्यानेच मेला असे नाही, हे लगेच सांगायला हवे. पण एकही पक्षी विषाविना सापडू नये, हे पुरेसे बोलके आहे.

ही विषे काम कशी करतात ते पाहिले की कारण उलगडते. ब्रोमॅडिओलोनसारखी औषधे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही; तीन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर, दिवसाउजेडी फिरतो आणि त्या काळात आणखीही विष खात राहतो. शिकारी पक्ष्याच्या दृष्टीने याहून सोपे सावज नाही. विष यकृतात महिनोन्‌महिने टिकते, आणि एकेका उंदराबरोबर थोडे थोडे साचत जाते. हेच विष वडीच्या रूपात आपल्याकडे किराणा दुकानात मिळते. यावर ‘लेप्टोस्पायरोसिसने माणसे मरतात, मग उंदीर मारायचे नाहीत का?’ असा प्रश्न येणार, आणि तो रास्त आहे. मुंबईसारख्या शहरात उंदीर मारलेच पाहिजेत. पण विष हा एकमेव मार्ग कधीच नव्हता. मुंबई महापालिकेकडे रात्रपाळीत गल्लीबोळांत काठीने उंदीर मारणारे कर्मचारी आहेत, आणि या ओबडधोबड पद्धतीत मेलेला उंदीर दुसऱ्या कुणालाही मारत नाही. पिंजरे आहेत, सापळे आहेत, गटारांची तोंडे बुजवणे आहे, कचरा झाकणे आहे. विष वापरावेच लागले तर मेलेले उंदीर रोज गोळा करून नीट पुरणे आहे. रात्री चार वड्या टाकून सकाळी विसरून जाणे, हेच तेवढे टाळायचे आहे.

इथवर वाचलेला एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, की शहर एवढे मारक असेल तर शहरातले हे पक्षी कमी का होत नाहीत? हा आक्षेप पोकळ नाही आणि त्याला उत्तर अंदाजाने देता येत नाही. सुदैवाने अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरात, कूपर्स हॉक या शिक्र्याच्या चुलतभावावर दीर्घकाळ काम झालेले आहे. बोआल आणि मॅनन यांनी १९९९ मध्ये दाखवले की शहरातल्या घरट्यांतली निम्म्याच्या वर पिल्ले मरत होती. शहराबाहेर हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली होते. कारण पुन्हा ताटातलेच. शहरात होले आणि कबुतरे मुबलक, म्हणून त्यांचेच मांस पिल्लांना भरवले जाई, आणि या पक्ष्यांच्या घशात राहणारा ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्मजीव पिल्लांच्या तोंडात गाठी निर्माण करून त्यांना उपाशी मारी. मोठ्या पक्ष्यांना तो फारसा त्रास देत नाही. त्यांच्या तोंडातली आम्लता अधिक असते, कोवळ्या पिल्लांच्या तोंडात ती नसते. मोठ्या पक्ष्यांना मुख्यतः काचेच्या खिडक्यांवरची आणि वाहनांची धडक मारत होती. हे वाचून कोणीही म्हणेल की टूसॉन हा या पक्ष्यांसाठी सापळा आहे. पण त्याच संशोधकांनी २००८ मध्ये सगळे आकडे एकत्र मांडून तपासले तेव्हा तसे निघाले नाही. जी पिल्ले वाचत ती पुढे चांगली जगत, अन्न भरपूर असल्याने जोड्या लवकर जमत, आणि एकूण संख्या टिकून होती. म्हणून शहर पक्ष्यांना संपवते असा ओरडा मी करणार नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे आणि अधिक व्यवहारी आहे. हे मृत्यू बहुतेक अकारण आहेत, ते टाळण्याची किंमत थोडी आहे, आणि संख्या टिकते आहे याचा अर्थ पुढचे एखादे डायक्लोफेनॅक तिला एका झटक्यात खाली आणणार नाही, असा होत नाही. शिवाय दीर्घायुषी पक्ष्यांच्या बाबतीत पिल्लापेक्षा प्रौढ पक्ष्याचा मृत्यू जास्त महागात पडतो, आणि मांजा, विष, काच हे तिन्ही प्रौढांना मारतात.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेल्या बाईच्या डोक्यावर घारीने झडप घातली, शाळेतून येणाऱ्या मुलाचे डोके ओरबाडले, मग पक्ष्यांचे पोवाडे कशाला? जखम खरी असते, डोळ्याजवळ झाली तर गंभीरही, आणि मुलांच्या सुरक्षिततेवर वाद घालायचे कारण नाही. पण घार असे का करते, यावरही दिल्लीत काम झाले आहे. निशांत कुमार यांच्या गटाच्या २०१८ च्या अभ्यासात, माणसाने दिलेले किंवा टाकलेले अन्न जिथे भरपूर, तिथल्या जोड्या घरट्याजवळ येणाऱ्या माणसावर अधिक आक्रमकपणे तुटून पडतात असे दिसले. ताटाशेजारचे घरटे हे मोलाचे घरटे, आणि रोज माणसाच्या हातून घास घेणाऱ्या पक्ष्याला माणसाची भीती उरत नाही. घारीचे पिल्लावरचे लक्ष हा मराठीतला जुना दृष्टान्त आहे. त्याला नखेही आहेत, एवढेच आपण विसरलो. तेव्हा गच्चीवरून कौतुकाने कोंबडीची कातडी उडवणारा शेजारी आणि घरटे पाडा म्हणून तक्रार करणारा शेजारी, यांच्यातला पहिला हाच दुसऱ्याच्या तक्रारीचे मूळ असू शकतो. घारीला खायला घालणे हा त्या घरट्यावरचा उपकार नाही. सगळ्याच जोड्या हल्ला करत नाहीत. ज्या करतात त्यांचा आवेश पिल्ले मोठी होईपर्यंतच टिकतो, आणि त्या बहुधा मागून येतात. तेवढे आठवडे गच्चीचा तो कोपरा बंद ठेवणे, जाण्यायेण्याची वाट बदलणे, छत्री उघडी धरणे, जिन्यात ठळक पाटी लावणे, एवढ्याने बहुतेक प्रकरणे निभतात. उलट घरटे पाडले तर जोडी शेजारच्याच झाडावर पुन्हा बांधायला घेते, आणि जे दोन महिन्यांत संपणार होते ते आणखी लांबते.

काही पक्षिप्रेमी बचाव करताना दुसऱ्या टोकाला जातात, तेही बरोबर नाही. शिक्रे वाढले की कबुतरांचा उपद्रव मिटेल, असे सध्या ऐकू येते. मुंबईत कबुतरखान्यांवरून २०२५ मध्ये उठलेल्या वादानंतर तर जास्तच. वाढ झालेले कबुतर सहसा शिक्र्यापेक्षा जड भरते. शिक्रा ते क्वचितच धरतो. बहिरी ससाणा कबुतरे मारतो, घारही अधूनमधून पारवा उचलते, पण धान्याच्या गोण्यांवर पोसलेले थवे शिकारी पक्षी आवरू शकत नाहीत. गोण्या बंद केल्यावरच ते आवरतील. पक्षी उपयोगाचा आहे म्हणून वाचवा, या युक्तिवादावर फार भिस्त ठेवू नये. उद्या तो निरुपयोगी ठरला की युक्तिवादही त्याच्याबरोबर जातो. दुसरी चूक अतिदयेची. झाडाखाली अडखळत फिरणारे, शेपटी आखूड असलेले पिल्लू दिसले की लोक त्याला खोक्यात घालतात आणि दूध-पोळी भरवतात. दूध कुठल्याच पक्ष्याच्या पिल्लासाठी नाही. पुरती पिसे फुटलेले, सावध नजरेचे पिल्लू बहुतेक वेळा हरवलेले नसते, ते उडायला शिकत असते आणि आईबाप जवळच्याच फांदीवरून त्याच्यावर लक्ष ठेवून असतात. कुत्र्यामांजरांपासून दूर, जवळच्या उंच फांदीवर किंवा टोपलीत घालून झाडावर ठेवले की पुरते. रक्त येत असेल, पंख लोंबत असेल किंवा पिल्लू कापसासारख्या लवीतच असेल, तेव्हाच ते जाणकारांच्या हाती द्यावे. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी तुटल्याने कोसळणाऱ्या मोठ्या घारींनाही हे लागू आहे. त्यांना सावलीत, हवा खेळणाऱ्या खोक्यात ठेवून दवाखान्यात पोचवावे. तोंड उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते.

तेव्हा आपल्या झाडावर घरटे दिसले तर करण्याजोगी कामे मोजकी आहेत. सोसायटीच्या पुढच्या सभेत छाटणीचा विषय एप्रिलमधून काढून पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत टाकावा, आणि कंत्राटात झाडावर चढण्याआधी घरटे तपासण्याची अट लिहून घ्यावी. संक्रांत उलटल्यावर आठवडाभरात आवारातल्या झाडांवरचा, तारांवरचा मांजा उंच काठीने उतरवून जाळून न टाकता कचऱ्यात नीट बांधून द्यावा. उंदरांसाठी विषाच्या वड्यांऐवजी सापळे आणि झाकलेला कचरा. घारीला खाऊ घालणे बंद. घरटे पाडण्याचा ठराव कोणी मांडला तर तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे इतिवृत्तात लिहून ठेवण्यास सचिवांना सांगावे. आणि जखमी पक्षी सापडला तर महाराष्ट्र वनविभागाच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ या मदतवाहिनीचा क्रमांक १९२६ आहे.